नावेवरील विजेची वाट

समुद्रावर जाणाऱ्या नावेचें सामर्थ्य पूर्वीं शीड, सुकाणू आणि तांडेलाचा अनुभव या तीन गोष्टींत सामावलेलें असे. आज वेसावें, हर्णै किंवा मिरकरवाडा यांपैकीं कोणत्याहि बंदरांतून रात्रीं मासेमारीस निघणारी यांत्रिक नौका पाहिली, तर तिच्या लहानशा खोलींत निराळाच संसार मांडलेला आढळतो. नौकेचें स्थान अक्षांश-रेखांशांत सांगणारें जी. पी. एस., पाण्याची खोली आणि माशांचा थवा दाखविणारें यंत्र, इतर नौकांशीं व किनाऱ्याशीं बोलण्याचें व्ही. एच. एफ. बिनतारी यंत्र, अशीं साधनें तेथें एका फळीवर बसविलेलीं असतात. त्यांच्या किंमतीविषयीं व करामतीविषयीं बंदरावर पुष्कळ बोललें जातें. परंतु तीं ज्या विजेवर चालतात ती वीज बॅटरीपासून यंत्रापर्यंत कोणत्या वाटेनें येते, याची चौकशी करणारे थोडे. आणि समुद्रावर जीं यंत्रें ऐन वेळीं मुकीं होतात, त्यांपैकीं पुष्कळांचा दोष यंत्रांत नसून या वाटेंतच असतो.

या गोष्टीचें महत्त्व जगाच्या प्रत्ययास आलें तें १९०९ सालीं. त्या वर्षीं २३ जानेवारीस पहाटें, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळ नँटकेट बेटाच्या बाजूस, दाट धुक्यांत ‘रिपब्लिक’ या आगबोटीवर ‘फ्लॉरिडा’ ही इटालियन बोट येऊन आदळली. रिपब्लिकच्या यंत्रघरांत पाणी शिरलें. विजेचा पुरवठा थांबला आणि बोट अंधारांत बुडाली. बिनतारी खोलीची भिंत फुटली होती, तरी यंत्र बचावलें होतें. पण विजेवांचून त्याचा उपयोग काय? तें चालविणाऱ्या जॅक बिन्स या तरुणानें राखीव बॅटऱ्या जोडल्या आणि मोडलेली कळ एका हातानें धरून दुसऱ्या हातानें संदेश पाठविण्यास आरंभ केला. तो क्षीण संदेश नँटकेट बेटावरील ठाण्यानें ऐकला आणि आपल्या जोरदार यंत्रानें पुढें पोहोंचविला. अनेक तासांच्या शोधानंतर ‘बाल्टिक’ ही बोट धुक्यांतून तेथें आली, आणि दोन्ही बोटींवरील दीड हजारांहून अधिक माणसांचे प्राण वाचले. रिपब्लिक दुसऱ्या दिवशीं बुडाली; परंतु तत्पूर्वीं तिच्यावरील मूठभर बॅटऱ्यांनीं आपलें काम बजावलें होतें.

पुढें तीनच वर्षांनीं, १९१२ सालीं, ‘टायटॅनिक’चा भयंकर अपघात झाला. तिच्या बिनतारी यंत्राचे संदेश बोट बुडण्यापूर्वींच्या अखेरच्या मिनिटांपर्यंत चालू राहिले, याचें श्रेय खालीं यंत्रघरांत विजेचा पुरवठा शेवटपर्यंत टिकवून धरणाऱ्या इंजिनियरांना आहे. त्यांच्यापैकीं एकहि परत आला नाहीं. १९१४ सालीं लंडन येथें अनेक राष्ट्रांचे प्रतिनिधी जमले, तेव्हां त्यांनीं प्रवासी जहाजांसाठीं असा करार केला कीं, संकटकाळच्या बिनतारी यंत्राला स्वतंत्र वीजपुरवठा असावा, तो निदान ६ तास पुरावा, आणि ही सर्व योजना जहाजावर शक्य तितक्या उंच जागीं असावी. कारण उघड आहे. पाणी प्रथम तळाशीं येतें, आणि डायनॅमो तळाशीं असतो.

अशा साधनांचा अभाव किती महाग पडतो, हें महाराष्ट्रालाहि ठाऊक आहे. १७ जुलै १९४७ रोजीं मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट भर पावसाळ्यांत उलटली आणि सहाशेंहून अधिक माणसें बुडालीं. तिच्यावर बिनतारी यंत्र नव्हतें; ती वार्ता मुंबईस कळण्यास कित्येक तास लोटले. आज लहान नौकेवरहि असें यंत्र असूं शकतें. मात्र तें आहे एवढ्यानें भागत नाहीं. हांक मारावयाच्या क्षणीं तें बोललें पाहिजे.

नौकेवरील विजेचा सांठा म्हणजे शिशाची बॅटरी. तिच्यांत सहा घट असतात, आणि प्रत्येकाचा दाब सुमारें २ व्होल्ट. बॅटरी पूर्ण भरलेली व विसावलेली असतां तिचा दाब १२.६ व्होल्टच्या आसपास असतो. तो १२ च्या खालीं आला म्हणजे बराचसा सांठा संपला असें समजावें. आतां, हीच बॅटरी इंजिन सुरू करण्यासाठींहि वापरली, तर काय होतें तें पाहा. इंजिनाचा स्टार्टर कांहीं क्षणांपुरता शेंकडों अँपिअर प्रवाह ओढतो, आणि त्या क्षणीं बॅटरीचा दाब १० व्होल्टपर्यंत किंवा त्याहूनहि खालीं घसरतो. दिवे मिणमिणतात एवढेंच डोळ्यांना दिसतें. पण नाजूक यंत्रें तेवढ्यानें बंद पडून पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. याहून वाईट प्रसंग दुसराच. रात्रभर दिवे व यंत्रें चालल्यावर पहाटें तीच बॅटरी इंजिन सुरू करण्यास असमर्थ ठरते, आणि इंजिन सुरू झाल्यावांचून तिला पुन्हा वीज मिळण्याचा मार्ग नसतो. म्हणून पहिला नियम असा कीं, इंजिनाची बॅटरी वेगळी असावी आणि यंत्रांची वेगळी. दोहोंना जोडणारी कळ असावी. पण ती संकटकाळींच वापरावी.

यंत्रांची बॅटरी केवढी असावी, हें अंदाजानें नव्हे, हिशेबानें ठरवावयाचें असतें. समजा, स्थानदर्शक यंत्र १ अँपिअर, माशांचें यंत्र १ अँपिअर, ऐकण्याच्या स्थितींतील बिनतारी यंत्र अर्धा अँपिअर आणि दिवे १ अँपिअर घेतात. ही बेरीज साडेतीन झाली. बारा तासांच्या रात्रीस ४२ अँपिअर-तास लागले. २५ वॅटचें बिनतारी यंत्र बोलतांना सुमारें ६ अँपिअर घेतें. रात्रभरांत अर्धा तास बोलणें झालें तर आणखी ३. एकूण ४५. शिशाची बॅटरी निम्म्याहून अधिक रिती करूं नये, नाहीं तर तिचें आयुष्य झपाट्यानें घटतें. तेव्हां ९० अँपिअर-तासांहून लहान बॅटरी या नौकेस पुरणार नाहीं. गृहिणी महिन्याच्या धान्याचा हिशेब याच रीतीनें करते; त्यांत अवघड असें कांहीं नाहीं.

सांठा पुरेसा असला तरी वाटेंत गळती होते. तारेचा स्वतःचा विरोध असतो, आणि प्रवाहाच्या दाबाचा कांहीं भाग त्यावर मात करण्यांत खर्च होतो. घरांतील २३० व्होल्टच्या विजेंत एक व्होल्ट गेला तर कोणाच्या लक्षांतहि येत नाहीं; १२ व्होल्टांत तो बाराव्या हिश्श्याइतका असतो. बॅटरीपासून बिनतारी यंत्र १० मीटर दूर आहे असें धरूं. प्रवाहाला जाऊन परत यावयाचें असतें, म्हणून तार २० मीटर. ही तार दीड चौरस मिलिमीटर जाडीची असेल, तर ६ अँपिअर प्रवाहाला सुमारें १.४ व्होल्ट वाटेंतच सोडावे लागतात. १२.२ व्होल्टची वीज यंत्राशीं पोहोंचते ती १०.८ होऊन. ऐकण्याच्या वेळीं प्रवाह थोडा असल्यामुळें गळतीहि थोडी, म्हणून यंत्र निर्दोष वाटतें. बोलण्याची कळ दाबतांच तें क्षीण होतें किंवा बंद पडतें. तीच तार ६ चौरस मिलिमीटरची घातली, तर नुकसान ०.३५ व्होल्टवर येतें. महत्त्वाच्या यंत्रांच्या बाबतींत ही घट शेंकडा ३ च्या आंत असावी, असा नौकांच्या विद्युत्-कामांतला मान्य दंडक आहे. तारेंत वांचविलेले थोडे पैसे म्हणजे यंत्राच्या आवाजांतून कापून घेतलेले पैसे होत.

परंतु जाड तारहि खाऱ्या हवेपुढें टिकेल असें नाहीं. साध्या तांब्याच्या तारेच्या उघड्या टोंकांतून खारें पाणी बारीक तंतूंच्या फटींमधून, वातींतून तेल चढावें तसें, वेष्टणाच्या आंत चढत जातें. बाहेरून तार नवी दिसते. आंत तांबें हिरवें व मग काळें पडलेलें असतें. यावरील उपाय मराठी घरांना परका नाहीं. तांब्या-पितळेच्या भांड्यांना जशी कल्हई, तशीच कथिलाची कल्हई तारेच्या प्रत्येक तंतूवर चढविलेली असते. नौकेसाठीं अशीच तार घ्यावी. ती एकसंध जाड तंतूची नसून अनेक बारीक तंतूंची असावी, कारण इंजिनाच्या कंपनानें एकेरी तार वांकून वांकून तुटते. सांधा करतांना तारा नुसत्या पिळून वर चिकटपट्टी गुंडाळण्याची जी रीत आहे, ती समुद्रावर सर्वथा वर्ज्य मानावी. योग्य मापाचें टोपण चिमट्यानें घट्ट दाबून बसवावें आणि त्यावर पाणी न शिरेल असें वेष्टण चढवावें. केवळ डाख दिलेला सांधाहि पुरेसा नाहीं. डाख जेथें संपतो तेथें तार ताठ होऊन कंपनानें तुटण्याचा संभव असतो.

फ्यूज हा या वाटेवरील पहारेकरी. त्याचें काम यंत्राचें रक्षण करणें हें आहे, असा पुष्कळांचा समज असतो. वास्तविक तो प्रथम तारेचें रक्षण करतो. बॅटरीचीं दोन्ही टोंकें चुकून जोडलीं गेलीं, तर त्या क्षणीं इतका प्रचंड प्रवाह वाहतो कीं तार लाल होऊन पेट घेते, आणि नावेवरील आगीपासून पळून जावयास जागा नसते. म्हणून फ्यूज बॅटरीच्या टोंकापासून एका वितीच्या आंत असावा. कारण बॅटरी व फ्यूज यांमधील तारेला कोणाचेंहि संरक्षण नसतें. शिवाय प्रत्येक यंत्राला स्वतःचा फ्यूज हवा. दिव्यांत बिघाड झाला म्हणून बिनतारी यंत्र मुकें होतां कामा नये.

आणखी दोन गोष्टी सहज सुचत नाहींत. तारेंतील प्रवाह होकायंत्राची सुई हलवितो, हें ओर्स्टेड या डॅनिश शास्त्रज्ञानें १८२० सालीं दाखविलें. तेव्हां होकायंत्राजवळून जाणाऱ्या जाण्याच्या व येण्याच्या तारा एकमेकींभोंवतीं पिळून न्याव्या, म्हणजे त्यांचे परिणाम परस्पर नाहींसे होतात. दुसरी गोष्ट परतीच्या वाटेची. इंजिनाच्या लोखंडाचाच परतीची तार म्हणून उपयोग करण्याचा मोह टाळावा, आणि कोणतीहि तार तळाशीं साचणाऱ्या पाण्यांत लोळूं देऊं नये. पाण्यांतून झिरपणारा प्रवाह पंखा, दांडा व इतर धातु हळूहळू खाऊन टाकतो. बॅटरीहि उंच, घट्ट बांधलेली व हवा खेळती असलेल्या जागीं ठेवावी; भरतांना तिच्यांतून स्फोटक हायड्रोजन निघतो, आणि समुद्राचें पाणी तिच्या अम्लांत शिरलें तर विषारी क्लोरीन वायु उत्पन्न होतो.

या सर्व व्यवस्थेची परीक्षा सोपी आहे. साधा व्होल्टमापक घेऊन बॅटरीच्या टोंकांवरील दाब पाहावा. मग बोलण्याची कळ दाबून यंत्राच्या टोंकांवरील दाब पाहावा. दोहोंत अर्ध्या व्होल्टहून अधिक अंतर पडलें, तर वाटेंत कोठें तरी दोष आहे असें निश्चित समजावें, आणि सांध्यामागून सांधा तपासून तो शोधावा. ही परीक्षा नारळी पौर्णिमेपूर्वीं, नौका किनाऱ्यावर असतां करावयाची. जाळीं विणलीं जातात, नौकेला रंग दिला जातो, तिची पूजा होते. त्याच दिवसांत एक दुपार तारांसाठींहि काढावी. रात्रीं वारा फिरला आणि इंजिन थंड पडलें, म्हणजे तांडेलाच्या हातीं सोळाव्या वाहिनीवरची एक हांक उरते. ती किनाऱ्यापर्यंत पोहोंचेल कीं नाहीं, हें बहुधा त्या दुपारींच ठरलेलें असतें.