हजेरीपटावर आपलं नाव आहे का?

(कळंब, ता. इंदापूर येथे तरुणांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी इथलाच, पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करतो. कारखाना बंद पडल्यावर सरकार कामगाराला आणि गावाला काय देतं, यावर बोल असं तुम्ही सांगितलंत. मी वकील नाही, युनियनचा पुढारीही नाही. पण हा प्रश्न आमच्या घरात येऊन गेलाय, म्हणून बोलतो.

कारखाना म्हणजे काय, हे कळंबकरांना सांगायला नको. वालचंद हिराचंद यांनी १९३० च्या दशकात इथे साखर कारखाना काढला आणि शेजारी वालचंदनगर वसलं. अशा ठिकाणी पगारावर फक्त कामगार जगत नाही. चहावाला, शिंपी, खानावळवाली, सायकल दुरुस्त करणारा, सगळेच जगतात.

माझे अब्बा एका छोट्या कारखान्यात फिटर होते. एके दिवशी गेटवर नोटीस लागली. हक्काचा प्रॉव्हिडंट फंड होता, तोही अडकला. फंडाच्या नोंदीत नाव ‘मोहंमद’ असं, पण इंग्रजीत चार अक्षरांत तोडलेलं. आधारवर पूर्ण ‘मोहम्मद’, आणि शाळेच्या दाखल्यावर ‘महंमद’. आपल्याकडे हे घरोघरी आहे. मी स्वतः असे प्रोग्रॅम लिहितो, त्यामुळे सांगतो: कॉम्प्युटरला ही एका माणसाची तीन नावं दिसत नाहीत, तीन वेगळी माणसं दिसतात. दुरुस्तीच्या अर्जावर मालकाची सही हवी होती आणि मालकाच्या गेटला कुलूप होतं. पैसे मिळायला चौदा महिने लागले. तेवढ्या काळात अम्मीच्या बांगड्या गहाण पडल्या, बहिणीची डिप्लोमाची फी मामूंनी भरली. कारखाना बंद असेल तर ठरवून दिलेल्या दुसऱ्या अधिकाऱ्याची साक्षांकित सही चालते, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर मुंबईत घडली. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. मदनपुऱ्यातले मोमीन विणकरही पिढ्यान्‌पिढ्या याच गिरण्यांत माग चालवत आले होते. पुढे एकेक गिरणी बंद पडत गेली. केंद्र सरकारने १९८६ मध्ये बंद गिरण्यांच्या कामगारांसाठी पुनर्वसन निधी योजना आणली. पात्र कामगाराला पहिल्या वर्षी पगाराच्या ७५ टक्के, दुसऱ्या वर्षी ५० आणि तिसऱ्या वर्षी २५ टक्के मदत. गिरण्यांच्या जमिनीवर घरं देण्याचं ठरलं. २०१२ मध्ये म्हाडाने ६,९२५ घरांची सोडत काढली. अर्ज मात्र दीड लाखाच्या आसपास होते. आणि अर्जासोबत पुरावा काय मागितला? तिकीट नंबर, लाल पास, हजेरी पास, रजा पुस्तक, ईएसआय नंबर. ज्याने तीस वर्षं तो कागद पत्र्याच्या पेटीत जपला, तो रांगेत उभा राहू शकला. ज्याचा कागद पावसात भिजला, त्याला आपण गिरणीत होतो हेच सिद्ध करता येईना.

आज कायद्यात काय आहे, ते थोडक्यात सांगतो. कारखाना बंद झाला तर पूर्ण केलेल्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून. हे १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात होतं, २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. कामगारकपात झाली तर आणखी १५ दिवसांचा पगार नवं कौशल्य शिकण्यासाठी, ४५ दिवसांत खात्यात, अशी तरतूद त्याच संहितेत आहे. ग्रॅच्युइटी वेगळी. ईएसआय कापला जात असेल तर २००५ ची राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना आहे. कारखाना बंद पडून नोकरी गेली तर तिच्यात बेकारी भत्ता मिळतो. २०१८ ची अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आहे.

यादी वाचून बरं वाटतं. पण यातलं प्रत्येक कलम एकच विचारतं: हजेरीपटावर तुझं नाव आहे का? आपली किती मुलं ठेकेदाराकडे आहेत? किती भाऊ यंत्रमागावर, गॅरेजमध्ये, वेल्डिंगच्या शेडमध्ये हातात रोख पगार घेतात? त्यांचं काम गेलं तर सरकारच्या लेखी काहीच घडलेलं नसतं. ठेकेदाराने पगार बुडवला तर तो देण्याची जबाबदारी मूळ कारखान्याची असते, हे १९७० पासून कायद्यात आहे. पण तुम्ही तिथे होता, हे दाखवणार कशावरून?

आणि गावाचं काय? त्या चहावाल्यासाठी, शिंप्यासाठी कायद्यात रकानाच नाही. मुंबईत १९९१ च्या नियमाने गिरणीच्या जमिनीचा एक तृतीयांश वाटा मोकळ्या जागेसाठी आणि एक तृतीयांश घरांसाठी ठेवला होता. कारखान्यावर शहराचाही हक्क असतो, हे सरकारने तेव्हा मान्य केलं होतं. २००१ मध्ये नियम बदलून ही वाटणी फक्त रिकाम्या जमिनीपुरती केली, आणि २००६ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तो बदल कायम ठेवला. म्हणजे मिळालेला हक्कही कागदावर बारीक होत जातो. त्यावर लक्ष ठेवणारं कुणीतरी लागतं.

म्हणून माझं मागणं छोटं आहे. महिन्यातून एक रविवार, दोन तास, एक टेबल आणि एक लॅपटॉप. जो येईल त्याचं पीएफचं खातं उघडून बघायचं. नाव, जन्मतारीख, वारस, सगळं जुळतंय का ते तपासायचं. पगाराची पावती, गेटपास, ईएसआय कार्ड यांचे फोटो काढून ठेवायचे. शेख येईल, कांबळे येईल, बिहारहून आलेला पोरगा येईल, सगळ्यांचं करायचं. नाव चुकलं असेल तर ते दुरुस्त करायची वेळ आज आहे, कारण आज गेट उघडं आहे आणि सही करणारा साहेब खुर्चीत आहे.

पहिल्या रविवारी लॅपटॉप मी आणतो. टेबल तुम्ही बघा.