पेट्रोल पंपापर्यंत करंट येतोय का?



स्टार्टर फिरतो…
पण गाडी सुरू होत नाही?

चावी फक्त ऑन करा.
मागच्या सीटखालून दोन-तीन सेकंद बारीक घरघर यायला हवी.
तो टाकीतला पेट्रोल पंप.

आवाज नाही?
आधी फ्यूज आणि रिले पाहा.
ते ठीक असतील, तर वायर तपासा.

बऱ्याच पेट्रोल गाड्यांत मागची सीट उचलली, की पत्र्याचं झाकण दिसतं.
त्याखाली कनेक्टर असतो.
बहुधा जाड वायरी पंपाच्या…
बारीक वायरी पेट्रोलच्या काट्याच्या.
रंगावर मात्र विसंबू नका. तो मॉडेलगणिक बदलतो.

इथे पेट्रोलची वाफ असते.
दारं उघडी ठेवा. ठिणगी नको.
म्हणून चावी बंद असतानाच कनेक्टर काढा.
बल्बचा टेस्ट लॅम्प गाडीकडून येणाऱ्या दोन जाड वायरींना घट्ट जोडा.
मग कुणाला तरी चावी ऑन करायला सांगा.

दिवा क्षणभर लख्ख लागला?
करंट येतोय. संशय पंपावर.

नुसत्या मीटरवर भागवू नका.
कुजलेल्या वायरीतही मीटर 12 व्होल्ट दाखवू शकतो…
दिवा मात्र मंद होतो.

दिवा लागलाच नाही?
चावी बंद करा.
लॅम्पचं अर्थचं टोक बॉडीच्या स्वच्छ पत्र्याला लावा.
पुन्हा चावी ऑन.
आता लागला, तर पंपाची अर्थ वायर तुटली आहे.