सुपारी, विसार आणि करारपत्र
(वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



चिटणिसांनी आम्हांस ‘तरुणांचे व्यवसाय’ या विषयावर बोलण्याची आज्ञा केली आहे. डॉक्टर, वकील, इंजिनियर यांच्याविषयी सांगणारे पुष्कळ आहेत. म्हणून आम्ही गाण्या-बजावण्यावर पोट भरू पाहणाऱ्या आपल्या मुलांविषयी बोलणार आहोत. रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धन या किनाऱ्यावर शिमग्याच्या पालखीपुढे खालूबाजा लागतो, हळदीला बेंजो लागतो, आणि अलीबागच्या हॉटेलांतून शनिवार-रविवारी गायकांस बोलावणे येते. कामास तोटा नाही. तरीही पावसाळ्यात वादकाच्या घरी उसनवारी का चालते?

हंगाम थोडा, हे एक कारण. तुळशीच्या लग्नापासून ज्येष्ठापर्यंत जे मिळेल त्यावर पुढचे महिने काढावयाचे असतात. म्हणून सुपारी घेतानाच विसार घ्यावा, आणि बिदागी हाती येताच वाद्यांची दुरुस्ती, प्रवासखर्च व शिल्लक यांचे भाग वेगळे काढून मगच वाटणी करावी. १९१३ साली स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळीस प्रेक्षकांची वाण कधीच नव्हती. तरी बालगंधर्वांसारखा नटसम्राट कर्जात बुडालाच. तेथे आपल्या मंडळींनी वहीचा कंटाळा करावा काय?

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. आमच्या एका माजी विद्यार्थ्याने रचलेले कोळीगीत आज हळदीच्या मांडवात सर्रास वाजते. ध्वनिमुद्रण करणाऱ्याने त्यास एकरकमी थोडे पैसे दिले, न वाचलेल्या कागदावर सही घेतली, आणि पुढे एक पैसाही दिला नाही. अशा मुलांनी १९५७ च्या कॉपीराइट कायद्याची ओळख करून घेणे अगत्याचे आहे. हक्कांचे हस्तांतर लेखी असावे लागते. कागदात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांचीच धरली जाते. २०१२ च्या दुरुस्तीनंतर तर गीतकार व संगीतकार यांचा मानधनातील समान वाटा त्यांच्याकडून लिहून घेता येत नाही. तो वारसांस किंवा कॉपीराइट संस्थेसच देता येतो. हे मानधन गोळा करणारी इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी १९६९ पासून चालू आहे. गीतकार-संगीतकारांनी तिचे सभासद व्हावे.

धवलारणींच्या परंपरागत गीतांस मालक नाही. परंतु त्यांच्या ध्वनिमुद्रणास असतो, व तो हक्क प्रसिद्धीनंतर साठ वर्षे टिकतो. ध्वनिमुद्रणाचा खर्च मंडळाने वर्गणी काढून केला, तर मालकी मंडळाकडे राहते. एवढ्यासाठी दोन सुपाऱ्यांची बिदागी खर्ची पडली तरी आम्हांस ती वाया गेली असे वाटणार नाही.

वरातीत किंवा लग्नाच्या समारंभात दुसऱ्याचे गाणे वाजविण्यास कायद्याच्या ५२ व्या कलमाने मुभा आहे. तिकिटाच्या कार्यक्रमास वा हॉटेलात ती नाही. तेथे परवाना कोणी काढावयाचा हे आधीच ठरवावे. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो, हेही यजमानास विसार घेतानाच सांगावे. नंतर पोलीस आल्यावर बिदागी कापली जाते ती वादकाचीच!

पालकहो, मुलगा ढोलकी शिकतो म्हणून त्यास हिणवू नका; मात्र त्याने सही करण्यापूर्वी तो कागद एकदा स्वतः वाचा. तारीख, वेळ, विसार, उरलेली रक्कम, जेवण-प्रवास आणि मुद्रणाचे हक्क एवढी कलमे असलेला करारपत्राचा एक मराठी नमुना आम्ही तयार केला आहे. त्याच्या प्रती दाराजवळच्या टेबलावर ठेवल्या आहेत; जाताना प्रत्येक वादकाने एक घेऊन जावी.