वाइनच्या गावाला निघालेले पाहुणे

थंडी पडली की शनिवार-रविवारी शहरातल्या गाड्या वाइनच्या मळ्यांकडे निघतात. त्यासाठी नाशिकलाच जावं लागतं असं नाही. शेजारच्या दौंड तालुक्यात, पाटस-बारामती रस्त्यावर रोटी गावाला फोर सीझन्सची वायनरी आहे. लोक द्राक्षमळा फिरतात, पेल्यात थोडीशी वाइन घेऊन आधी रंग बघतात, मग वास घेतात, मग घोटभर चाखतात. पुढे सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारा हरणं बघितली की सहल झाली.

आम्हा कारेगावच्या गटांच्या बैठकीत विषय निघाला, अशा पाहुण्यांना जेवण-मुक्काम द्यायचा का? निम्म्या जणींनी तोंडच फिरवलं. ज्या घरात एमआयडीसीतला पगार गुत्त्यावर जातो, तिथल्या बाईला 'वाइन म्हणजे फळांचा रस' असं सांगून कसं चालेल? द्राक्षातली साखर आंबून तिचं अल्कोहोल होतं, साधारण 12 ते 13 टक्के. बिअरपेक्षा जास्तच. दुकान बंद करायला आडव्या बाटलीला मत द्यायचं आणि अंगणात उभी बाटली ठेवायची, हे आम्हाला पटलं नाही.

पण पाहुणा काही नुसता पेल्यासाठी येत नाही. आपल्याच शिरूर तालुक्यातल्या मोराची चिंचोलीला लोक मोर बघायला येतात, पिठलं-भाकरी खातात, झाडाखाली बसतात. द्राक्षांची तोडणी आणि ज्वारीचा हुरडा यांचे दिवसही जवळपास एकच. तव्यावरची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, आगटीतला हुरडा, हे आपल्या हातचं आहे.

म्हणून जेवण द्यायचं ठरलं. ताटाचा भाव फोनवरच सांगायचा, निम्मे पैसे आगाऊ घ्यायचे, तेही गटाच्या खात्यावर. कुणाच्या मालकाच्या हातात नाही. अंगणात बाटली उघडायची नाही, हेही फोनवरच सांगायचं. ड्रायव्हरला वेगळं बसवायचं नाही, त्याचंही ताट लावायचं.

एकीने विचारलं, "पाहुणे तिकडूनच पिऊन आले तर?" अशा वेळी वाढायला एकटी बाई नको, चौघी तरी हव्यात. मुक्कामाचं मात्र अजून ठरलेलं नाही. ज्यांच्या घरात वयात आलेल्या मुली आहेत, त्या नको म्हणतात. ज्यांची खोली रिकामी आहे, त्या हो म्हणतात. तो विषय पुढच्या बैठकीत घेणार आहोत.