आडवं मडकं

कोल्हापूरहून फार लांब नसलेल्या, सांगली जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्याची नागपंचमी सगळ्यांना ठाऊक आहे. पंचमीच्या आधी काही आठवडे तिथली मंडळं शेताशिवारातून नाग धरून आणायची. प्रत्येक नाग वेगळ्या मडक्यात, मडक्याच्या तोंडाला फडकं बांधलेलं. सणाच्या दिवशी अंबामातेच्या देवळात दर्शन, मग मिरवणूक, आणि नंतर जिथून धरला तिथेच तो सोडायचा. शिराळकरांची नागावरची भक्ती खरी आहे, तिच्यावर शंका घेण्याचं कारण नाही. मात्र 2002 साली हा विषय मुंबई उच्च न्यायालयात गेला आणि जिवंत नागांच्या मिरवणुकीला वन्यजीव कायद्याचा लगाम बसला. त्या वादात आज शिरायचं नाही. आजचा विषय आहे ते मडकं.

मडकं सापाला मानवतं, हे खरं. आत अंधार असतो, भिंत गोल असते आणि माती एकदम तापत नाही की एकदम गार पडत नाही. वेटोळं घालून बसलेल्या सापाला अंगाला काहीतरी टेकलेलं हवं असतं. मोकळ्या पेटीत तो काचेवर नाक घासत फिरत राहतो, इतकं की नाकावरचे खवले सोलवटतात. तमिळनाडूत चेन्नईजवळ वडनेम्मेलीला इरुळा आदिवासींची सर्प पकडणाऱ्यांची सहकारी संस्था 1978 पासून आहे. सर्पदंशावरच्या प्रतिविषासाठी लागणारं विष ती पुरवते. तिथेही नाग, घोणस, मण्यार, फुरसं मडक्यांतच ठेवतात. तळाला वाळू, तोंडाला सुती कापड. काही आठवड्यांत ठरावीक वेळा विष काढायचं, पोटाच्या खवल्यावर खूण करायची आणि साप पुन्हा रानात सोडायचा.

पण तोंड बांधलेलं मडकं ही कोठडी झाली. साप जिथे हवं तेव्हा आत शिरतो आणि हवं तेव्हा बाहेर येतो, ती त्याची लपायची जागा. त्यासाठी तेच मडकं आडवं करावं लागतं आणि फडकं सोडावं लागतं.

इथे कायद्याचं एक वाक्य आवश्यक आहे. नाग, घोणस, धामण, अजगर असे आपल्याकडचे साप घरात पाळणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. सर्पमित्रानेही पकडलेला साप वनखात्याला कळवून लवकरात लवकर सोडायचा असतो. परदेशी सापांपैकी बॉल पायथनसारख्या, आंतरराष्ट्रीय व्यापार करारात नोंदलेल्या जाती ठेवायच्या तर 2024 च्या नियमांप्रमाणे ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी लागते. ज्यांच्या घरी असा साप आधीच आहे, त्यांनी तो कसा ठेवावा, हा प्रश्न मग उरतोच.

बॉल पायथन पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला. दिवसभर उंदरांच्या बिळात किंवा वारुळात पडून राहायचं आणि रात्री बाहेर पडायचं, असा त्याचा क्रम. म्हणजे त्याच्या पेटीत एक वारूळ हवं. खरं तर दोन हवीत. पेटीची एक बाजू 31-32 अंशांपर्यंत उबदार आणि दुसरी 26 अंशांच्या आसपास गार ठेवतात. लपायला जागा फक्त उबेत असली, तर सापाला सुरक्षितता आणि गारवा यांतलं एकच काहीतरी निवडावं लागतं. बहुतेकदा तो लपूनच राहतो, आणि मग जास्त तापतो. कोल्हापूरच्या एप्रिलमध्ये पारा चाळिशीकडे झुकतो तेव्हा गार बाजूचं मडकंच जास्त मोलाचं. खालच्या हीटिंग पॅडला थर्मोस्टॅट नसेल, तर पोट भाजेपर्यंत साप हलत नाही.

जागा सोयीची हवी ती दोघांना, सापाला आणि पाळणाऱ्याला. सापाच्या बाजूने पाहिलं, तर मडक्याचं तोंड त्याच्या अंगाच्या सर्वांत जाड भागापेक्षा थोडंच मोठं असावं, पण भक्ष्य गिळून फुगलेलं पोटही त्यातून सहज जावं. वेटोळं घातल्यावर भिंत अंगाला लागावी, एवढीच आत जागा असावी. माणसाला मात्र प्रशस्त खोली द्यावीशी वाटते, आणि चूक नेमकी तिथेच होते.

पाळणाऱ्याच्या बाजूने विचार फारसा कुणी करत नाही. उभ्या मडक्यात वरून हात घालणं सापाला शिकाऱ्याच्या झडपेसारखं वाटतं. म्हणून मडकं उभं चिरून त्याचा अर्धा भाग पालथा घालावा. कुंभाराकडून घेतलेलं मडकं रात्रभर पाण्यात ठेवावं, सकाळी ओलं असतानाच हाताने सावकाश करवतीने चिरावं आणि कड पॉलिश पेपरने बोट फिरवून लागणार नाही इतकी घासावी. तुटलेल्या कडेला चिकटपट्टी कधीच लावू नये, सापाची कातडी तिला चिकटून सोलते. अर्धं मडकं भुशावर ठेवू नये, पेटीच्या तळावर टेकवावं. साप खालून उकरतो, आणि भुशावरचं वजन त्याच्यावर बसू शकतं. साप बघायचा झाला तर मागची कड आधी उचलावी, म्हणजे उघडी बाजू आपल्यापासून दूर राहते. आत हात घालून ओढून काढणं तर नकोच.

विषारी साप सांभाळणाऱ्या प्राणिसंग्रहालयांत याच विचाराची पुढची पायरी आहे. लपायच्या पेटीलाच सरकतं दार असतं. साप आत गेला की बाहेरून लांब आकडीने ते लावायचं आणि मग खोली निर्धास्त झाडायची.

चंदगड तालुक्यात ढोलगरवाडीच्या मामासाहेब लाड विद्यालयात बाबुराव टक्केकरांनी सापांची ओळख थेट शाळेत आणली, आणि कात्रजचं सर्पोद्यान 1986 साली नीलिमकुमार खैरे यांनी उभं केलं. जिथे साप बघायला लोक येतात, तिथे लपलेला साप सगळ्यांची निराशा करतो, आणि लपायची जागाच काढून टाकायचा मोह होतो. तो आवरावा. अर्ध्या मडक्याची चिरलेली बाजू काचेला टेकवली, तर साप आत राहतो आणि पोरांना दिसतोही.

कात टाकायच्या वेळी डोळे दुधाळ होतात, तेव्हा एका मडक्यात ओलसर काथ्या घालावा, नाहीतर कात तुकड्या-तुकड्याने निघते. हेच ओलं मडकं जुलैच्या झडीत मात्र वाळतच नाही, त्याला बुरशी धरते आणि सापाच्या पोटाला फोड येतात. म्हणून पावसाळ्यात मडक्यांच्या दोन जोड्या ठेवाव्यात आणि एक जोडी पेटीत असताना दुसरी गरम पाण्याने धुऊन पूर्ण कोरडी करावी.