कामावरून कमी करण्यापूर्वींची नोटीस

नृसिंहाच्या पोखर्णीहून परभणीच्या जिनिंगवर जाणारा मजूर घ्या. हंगाम सरला कीं तो घरीं बसतो. त्याला नोटीस कोण देणार?

औद्योगिक विवाद कायद्यांत १९५३ सालीं दुरुस्ती झाली. वर्षांत २४० दिवस काम केलेल्या कामगारास महिन्याची लेखी नोटीस, किंवा तिच्याऐवजीं पगार, आणि सेवेच्या प्रत्येक वर्षामागें पंधरा दिवसांचें वेतन देणें मालकावर बंधनकारक झालें. २०२० च्या संहितेनेंहि हा नियम राखला आहे.

मोठ्या कारखान्यांस १९७६ पासून तीन महिन्यांची नोटीस व सरकारची पूर्वपरवानगी लागूं लागली. पण 'मोठा' म्हणजे किती कामगारांचा? आंकडा ३०० वरून १०० वर उतरला, आणि संहितेनें तो पुन्हां ३०० वर नेला! हंगामी कारखाने तर या परवानगींतून प्रथमपासूनच वगळलेले.

उरली साधी महिन्याची नोटीस. कार्तिक ते चैत्र चालणाऱ्या जिनिंगांत २४० दिवस कसे भरावे, हें श्रोत्यांनीं बोटांवर मोजून पाहावें.