ताईचा पडदा, माझा पडदा
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

माझी मोठी बहीण कोल्हापुरात असते. तिच्याकडे विंडोज, पुण्यात माझ्याकडे लिनक्स आणि भाचा बंगळूरला मॅक घेऊन बसलेला. मार्चअखेर आली, की ताईचा फोन ठरलेला. मग "डावीकडे वर बघ. नाही, त्याच्याही वर," असा अर्धा तास खेळ. उपाय एकच, तिचा पडदा आमच्या पडद्यावर आणायचा. पण तीन घरांत तीन तऱ्हेची यंत्रं!

मी आधी माझ्या लिनक्सवर काय चालेल ते शोधत बसलो. तिथेच चुकलो. ज्या संगणकात शिरायचं, तो आधी पाहावा. विंडोजमध्ये २००१च्या एक्सपी प्रोफेशनलपासून रिमोट डेस्कटॉपची सोय आहे आणि मॅकवरून, लिनक्सवरूनही तिथे जाता येतं. मात्र विंडोजच्या होम आवृत्तीत बाहेरून असा प्रवेश मिळत नाही, आणि ताईकडे नेमकी तीच. प्रो असती तरी अडचण होतीच. मी आत शिरलो, की तिच्यासमोरचा पडदा कुलूपबंद होतो. कचेरीतल्या आपल्याच यंत्रावर घरून काम करायला हे उत्तम. पण ताईला दाखवत दाखवत शिकवायचं, तर दोघांना एकच पडदा दिसायला हवा.

त्यासाठी व्हीएनसी बरं. हे इंग्लंडातल्या केंब्रिजच्या एका प्रयोगशाळेत नव्वदच्या दशकात तयार झालं. पडद्याचा बदलला तेवढा चौकोनी तुकडा चित्र म्हणून पाठवायचा, एवढंच त्याचं तत्त्व. खाली विंडोज आहे की मॅक, याच्याशी चित्राला काय देणंघेणं? मॅकच्या स्क्रीन शेअरिंगमध्येही तेच आहे. संथ जोडणीवर मात्र ते रेंगाळतं. शिवाय कोल्हापूरहून पुण्यापर्यंत यायचं, तर राउटरमध्ये वाट उघडावी लागते. ती वाट साऱ्या जगाला दिसते. व्हीपीएनशिवाय हा उद्योग करू नये.

टीमव्ह्यूअर, एनीडेस्क ही मंडळी मधल्या सर्व्हरमार्फत जोडून देतात; ती कटकट नाही. घरगुती वापर मोफत, व्यवसायाला परवाना. रस्टडेस्क मुक्त स्रोत आहे, त्याचा सर्व्हर आपला आपण ठेवता येतो.

यातलंच एक मी ताईकडे बसवलं. पंधरा दिवसांत तिला फोन आला, "बँकेतून बोलतोय. केवायसी संपलंय. तो प्रोग्राम उघडून नंबर सांगा." रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९मध्ये बँकांना अशाच फसवणुकीबद्दल सावध केलं होतं, पण ते ताईला कोण सांगणार? मीही सांगितलं नव्हतं. तिने अर्धे आकडे सांगितले आणि चहा उतू गेला म्हणून फोन ठेवला. चहाने वाचवलं, दुसरं काय!

त्या रात्री मी कायमचा पासवर्ड काढून टाकला. आता फोन तिनेच करायचा, प्रोग्राम तिनेच उघडायचा, 'परवानगी'चं बटण तिनेच दाबायचं आणि काम झालं की तिनेच बंद करायचं. यंदा मार्चमध्ये नंबर देण्याआधी तिने मला विचारलं, "आपल्या आजोळच्या म्हशीचं नाव काय होतं?" मला आठवेना. तिने फोन ठेवला.